दिवसभर खुर्चीत, वजन कसं आवरायचं?

प्रश्न: काम बैठं. जिम लावली की थोड्याच दिवसांत बारगळते. रोज निभेल असं काही सांगा ना.

उत्तर: जिम राहू द्या. जेवल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. रक्तातली साखर कमी उसळते. मी तर चार्जर मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवलाय. बायको वैतागते, पण पाय हलतात!

दुसरं उत्तर: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर.

प्रश्नकर्ता: वजन रोज करू?

पहिलेच: करा, पण एका आकड्यावर जाऊ नका. पाण्या-मिठानेच किलोभर इकडेतिकडे होतं. सकाळी उपाशीपोटी बघा, आठवड्याची सरासरी धरा. जागरणं मात्र बंद, त्याने भूक खवळते.