तेलुगू शब्द येतात, बोलणं मात्र कळत नाही. कान कसा तयार करू?

नमस्कार. माहेर बार्शी, सासर सोलापूरच्या पूर्व भागात, पद्मशाली घरात. लग्नाला तीन वर्षं झाली. घरात सगळ्यांना मराठी येतं, त्यामुळे माझं काही अडत नाही, आणि तेच नडलंय.

दुपारी सासूबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसतात. शेजारच्या दोघी-तिघी येतात आणि तेलुगू सुरू होतं. वहीत लिहून लिहून चारेकशे शब्द पाठ केलेत, पण यांच्या तोंडून ते सुटे येतच नाहीत. 'एमि' म्हणजे काय, 'अयिंदि' म्हणजे झालं, हे मला येतं. कानावर पडतं 'एमैंदि'. मी त्याची फोड करेपर्यंत गप्पा तिसऱ्याच घरच्या लग्नात पोचलेल्या असतात.

त्यात तो ऱ्हस्व-दीर्घ ए. आपल्याकडे हा भेदच नाही. 'नेल' आखूड म्हटलं की महिना, 'नेऽल' लांबवलं की जमीन. एकदा त्या महिन्याचा हिशोब सांगत होत्या आणि मी फरशी पुसायला घेतली. अजून हसतात.

'हळू बोला' म्हटलं की मराठीतच बोलतात. सिनेमे पाहिले, तर खालच्या ओळी वाचण्यातच वेळ जातो.

1996 सालचा अमेरिकेतला एक प्रयोग वाचला. 8 महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेलं, मध्ये कुठेही न थांबणारं बोलणं फक्त 2 मिनिटं ऐकवलं. कोणत्या अक्षरामागून कोणतं अक्षर नेहमी येतं, एवढ्यावरून त्यांना त्यातले शब्द वेगळे ओळखू आले. आणि मी इथे तीन वर्षं बसलेय!

मोठेपणी नुसतं ऐकून कुणी तेलुगू किंवा कन्नड शिकलंय का? वही बंद करू का?

प्रतिसाद: मी कन्नड असंच शिकलो, दुकानात बसून. वही ठेवा, पण त्यात सुटे शब्द नकोत. 'एमैंदि' ऐकू आलं तसं अख्खं लिहा. एका मिनिटाचं बोलणं फोनवर घ्या, दहादा ऐका, मग सासूबाईंना विचारा. आणि त्यांच्याबरोबर विड्या वळायला बसा. पान, दोरा, तंबाखू समोर असले की निम्मं बोलणं अंदाजानेच कळतं.

धागाकर्ती: रेकॉर्डिंगचं विचारलं. हो म्हणाल्या, फक्त शेजारणींच्या सुनांचा विषय निघाला की बंद करायचं.