परदेशातल्या अनोळखी घरी वर्षभर राहायला जाताना : तुमची तयारी कशी झाली?

बर्डीची_मावशी
परवा माळा आवरताना निळा ब्लेझर सापडला. 1999 साली, सोळाव्या वर्षी, रोटरी क्लबच्या यूथ एक्स्चेंजमधून (वर्षभर तिकडच्या कुटुंबांत राहून तिकडच्याच शाळेत जायचं) जर्मनीला गेले होते तेव्हाचा. बिल्ल्यांनी इतका जड झालाय की हँगर वाकतो. आता भाची ऑगस्टमध्ये फ्रान्सला चाललीये.

माझ्या वेळी तिकडे कडाक्याची थंडी आणि नागपुरात तयारी मे महिन्यात! तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार हिवाळ्यातला, उन्हाळ्यात कुठला? आजीने सीताबर्डीच्या बाजारातून लोकर आणली आणि नवतपात, मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, कूलरसमोर विणायला बसली. घामाने लोकर बोटांना चिकटायची म्हणून दर दोन ओळींनी हाताला पावडर लावायची. तिकडे स्वेटर पहिल्यांदा बाहेर काढला तर त्याला त्या पावडरचा आणि वाळ्याचा वास. तोंड खुपसून रडले.

खरी तयारी आईने करून घेतली. महिनाभर मला आपल्याच घरात पाहुण्यासारखं राहायला लावलं. फ्रीज विचारून उघडायचा, बाथरूम कोरडं करून निघायचं, आवडो न आवडो, पानात घासभर घ्यायचं. राग यायचा फार. वर्षात तीन घरं बदलली, तिन्ही ठिकाणी हेच कामी आलं.

तुमचं लिहा, भाचीला वाचून दाखवणार आहे.

सदरचा_बाबा
लसीचं कार्ड!! पोरगा यस या अमेरिकी सरकारच्या स्कॉलरशिपवर वर्षभर अमेरिकेला गेला. तिकडच्या शाळेला प्रत्येक डोसची तारीख हवी. आमचं कार्ड घर बदलताना गेलेलं. लहानपणीच्या डॉक्टरांकडे तीन दिवस बसून जुनी रजिस्टरं चाळली. आणि बीसीजी (टीबीची लस) घेतलेल्या आपल्या मुलांची टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, याचीही आली. एक्स-रे काढला, फुप्फुसं स्वच्छ निघाली, पण ते चार दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

पोट्टा_नागपूरचा
होस्ट फॅमिलीचा फोटो आला तर त्यात तीन कुत्रे 😄 मले लहानपणापासून कुत्र्याची भीती बापा. आई रोज संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या टॉमीजवळ नेऊन बसवे. पहिले फाटकाबाहेर, मग ओट्यावर. निघायच्या आठवड्यात त्यानं हात चाटला. तिकडे सगळ्यात जास्त जीव त्या तिघांनीच लावला.

बर्डीची_मावशी
@पोट्टा, आईला माझा नमस्कार सांग.

अकरावी_दोनदा
इकडच्या बुडणाऱ्या वर्षाचं कॉलेजशी बोलून घ्या आधी. निघताना कॉलेजने तोंडी 'होऊन जाईल' म्हटलं, परत आल्यावर हात वर केले. अकरावी पुन्हा केली. मैत्रिणी पुढे गेलेल्या, फार एकटं वाटलं. गेल्याचा पश्चात्ताप नाही, पण लेखी घ्या.

सदरचा_बाबा
@अकरावी, हे फार महत्त्वाचं लिहिलंस बेटा.

ओट्यावरून
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. मुलगी तिकडे गेली त्या वर्षी रोटरीची एक ब्राझीलची पोर आमच्याकडे होती. तर्री पोह्याने डोळ्यांत पाणी, तरी दुसरी प्लेट मागितली. तिच्यामुळे कळलं की आलेलं पोर गप्प बसलं तर ते रागावलेलं नसतं, मनातल्या मनात शब्द जुळवत असतं. भाचीला सांगा, चुकीचं का होईना, बोल.

महालवाली
संत्रा बर्फी नेता येते का हो? आमचीही पुढल्या वर्षी जाणार, तीही फ्रान्सलाच.

पोट्टा_नागपूरचा
युरोपात बाहेरून दुधाचे अन् मटणाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, खवा असला तर राहू द्या. चिवडा न्या.

महालवाली
पोह्यांचा चिवडा तिखट करू की साधा?

ओट्यावरून
दोन्ही. साधा तिकडच्यांना, तिखट तिला रात्रीचा.

बर्डीची_मावशी
सगळं वाचून दाखवलं. लसीचं कार्ड शोधायला तिची आई उठली पण! स्वेटर मात्र राहिला. आजी आता नाही, आणि मला सुया धरता येत नाहीत.

महालवाली
माप पाठवा. मी विणते. जून चालू आहे, ऑगस्टपर्यंत बाह्यांसकट होईल.