मदत हवी आहे : बडोद्याच्या गायनशाळेची जुनी दफ्तरे

सर्वांना नमस्कार. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1886 मध्ये संगीतकार मौलाबख्श यांच्या देखरेखीखाली सुरू केलेली गायनशाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाविष्ट झाली आणि आज तेथील परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे. या शाळेच्या पहिल्या काही दशकांचा अभ्यास करताना मला मूळ कागदपत्रांची, विशेषतः विद्यार्थ्यांची हजेरीपत्रके, शिक्षकांच्या नेमणुकांचे हुकूम आणि परीक्षांचे अहवाल यांची, नितांत गरज भासत आहे. गवयांच्या घराण्यांबाहेरच्या सामान्य मुलांना गाणे शिकवण्याचा हा प्रयोग नेमका कोणापर्यंत पोहोचला, हे या नोंदींवाचून कळणार नाही, आणि माझ्या मते हाच या इतिहासाचा गाभा आहे.

मौलाबख्श यांनी स्वतःच्या स्वरलिपीत तयार केलेली क्रमिक पुस्तके किंवा 1916 च्या बडोदा संगीत परिषदेचे कागद कोणाच्या घरी अथवा ग्रंथालयात असल्यास कृपया कळवावे. संस्थानी दफ्तरांतील मोडी वाचून देऊ शकणाऱ्या जाणकारांचीही मदत हवी आहे. मूळ प्रती नकोत; स्पष्ट छायाचित्रे पुरतील.