जंगलातल्या स्टाफची हजेरी कशी धरायची? आणि अकरा महिन्यांच्या करारांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

एचआरमधल्या, एनजीओतल्या आणि लेबर लॉ जाणणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. प्रश्न लांबडा आहे, पण तुकड्या-तुकड्यांनी विचारला तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून एकदमच लिहिते.

मी आधी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसला होते. पंचिंग, तीन पाळ्या, ओव्हरटाइमच्या स्लिपा. भांडणं व्हायची ती लेट मार्कावरून. आता वन्यजीव संवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयात एचआर आणि ॲडमिन बघते. हेड ऑफिस परराज्यात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापुरात, परवानग्यांची आणि बैठकांची सगळी ये-जा तिथं, त्यामुळे आमचंही बस्तान इथंच.

ऑफिसात आम्ही मोजकेच. बाकी माणसं राधानगरी-दाजीपूरला, आंबा घाटाच्या बाजूला आणि चंदगड-आजऱ्यात. त्यात दोन तऱ्हा. एक, एमएस्सी करून आलेली मुलं-मुली. हुशार असतात, पण वर्ष-दीड वर्षात पीएचडीला जातात. दुसरे आमचे स्थानिक फील्ड असिस्टंट, धनगरवाड्यावरचे नाहीतर जंगलालगतच्या गावांतले. गव्याची वाट कुठली, पाणी कुठल्या ओढ्याला एप्रिलपर्यंत टिकतं, हे त्यांना विचारल्याशिवाय एक कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लागत नाही. माझा प्रश्न या दुसऱ्या मंडळींचा आहे.

हेड ऑफिसनं यंदा सगळ्यांना हजेरीचं ॲप सक्तीचं केलं. सकाळी साडेनऊला सेल्फी, लोकेशन, संध्याकाळी पुन्हा तेच. दाजीपूरच्या आत रेंज नाही. शिवाय आमची माणसं पहाटे अंधारात निघतात, दुपारी परत येऊन जेवतात आणि संध्याकाळी पुन्हा पाणवठ्यावर जातात. ॲपला हे समजत नाही. महिनाअखेर अर्धे दिवस ‘गैरहजर’ आणि पगारात आपोआप कपात. एका दादांनी मला फोनवर सुनावलं, “मॅडम, रेंजसाठी खाली फाट्यावर यायचं म्हंजे दोन तास. मग मी जंगलात जाऊ का हजेरी लावाय जाऊ, तेवढं एक सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कपात मी हातानं दुरुस्त करून पाठवते, पण दर महिन्याला हेड ऑफिसातून विचारणा येते की एवढे ‘मॅन्युअल ओव्हरराइड’ कशाला.

दुसरं म्हणजे करार. ही माणसं पाच-सहा वर्षं काम करतायत, पण कागदावर प्रत्येक जण अकरा महिन्यांचा ‘सल्लागार’. दहा टक्के टीडीएस कापायचा, पीएफ नाही, मार्चअखेर प्रोजेक्ट संपला की एक महिना ब्रेक, मग नवं पत्र. ब्रेकच्या महिन्यातही ते कॅमेऱ्यांची कार्डं बदलून येतात, कारण दुसरं कोण जाणार? सहावी पास माणूस सल्लागार कसा, हे ऑडिटरनं विचारलं नाही, पण मला सही करताना दर वेळी बोचतं.

तिसरी रजा. हेड ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत ख्रिसमस आहे, बेंदूर नाही. आमच्या लोकांना रजा लागते ती आषाढात रोपलावणीला आणि दिवाळीच्या आगेमागे सुगीला. नेमका त्याच सुमाराला फील्ड सीझन सुरू होतो आणि मुंबई-बंगळूरच्या मुलांना ‘स्टाफ अनुपलब्ध’ दिसतो.

दोघे जण या वर्षी सोडून गेले, एक गोकुळ शिरगावला कंपनीत, एक गोव्याला हॉटेलात. पगार आमच्यापेक्षा फार जास्त नाही, पण पीएफ आहे. हेड ऑफिसचं म्हणणं, ‘लोकल लोकांमध्ये कमिटमेंट नसते’. यावर मी काय बोलणार.

कुणी अशी घडी बसवली असेल तर सांगा. कायद्यानं काय बंधनकारक आहे आणि व्यवहारात काय चालतं, दोन्ही हवंय. संस्थेचं नाव विचारू नका, मला अजून नोकरी करायची आहे.

तांबडा_पांढरा

लेबरवाला : ताई, आधी ते ‘सल्लागार’ काढा. कामाची वेळ, जागा, पद्धत तुम्ही ठरवता, साहित्य तुमचं, रजा तुम्ही मंजूर करता. मग तो नोकरच, कागदावर काहीही लिहा. हजेरीचं ॲप लावलंत म्हणजे तर पुरावा तुम्हीच तयार करून दिलात. सल्लागाराची हजेरी कोण घेतं?

दुसरं, ब्रेकवर विसंबू नका. ग्रॅच्युइटीसाठी ‘सलग सेवा’ मोजताना कामगाराच्या चुकीशिवाय काम थांबलं तर तो खंड धरत नाहीत. १९७२ च्या जुन्या कायद्यातही हे होतं, आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि मुदतीच्या करारावरच्या माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायची गरज राहिली नाही, एक वर्षावर हक्क मिळतो. दहा किंवा जास्त माणसं असली की झालं. हिशेब सोपा : शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ आणि महागाई मिळून १३,००० असेल तर वर्षाला ७,५००. सहा वर्षांचे ४५,०००. एका माणसाचे एवढे. डोकी मोजा आणि हेड ऑफिसला आकडा पाठवा. कायद्याचं कलम पाठवलंत तर वाचणार नाहीत, आकडा वाचतील.

पीएफला वीस माणसांची अट आहे, पण ती कोल्हापूर ऑफिसपुरती मोजायची नाही. सगळ्या शाखा मिळून एकच आस्थापना धरतात. तुमचं हेड ऑफिस पीएफ भरतच असणार. म्हणजे तुमच्या या लोकांनाही तो लागू आहे, फक्त कुणी नाव घातलेलं नाही.

हिशेबनीस : वरच्याशी सहमत. मी दोन-तीन ट्रस्टची खाती बघतो म्हणून पैशाची बाजू सांगतो, कारण हेड ऑफिस तिथंच अडणार. परदेशी देणगी असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी पन्नास होता. त्या धाकानं संस्था माणसं ‘सल्लागार’ किंवा ‘प्रोग्रॅम कॉस्ट’ म्हणून दाखवतात. पण जंगलात कॅमेरे लावणारा माणूस तसाही प्रोग्रॅमचाच खर्च आहे. त्याला पगारी केलं म्हणून तो ॲडमिन होत नाही. ॲडमिनमध्ये बसता तुम्ही आणि मी!

पुढच्या प्रस्तावात प्रत्येक फील्ड पोस्टच्या ओळीत पगार, मालकाचा पीएफ हिस्सा १२ टक्के आणि ग्रॅच्युइटीसाठी साधारण ४.८१ टक्के (पंधरा दिवस भागिले सव्वीस, भागिले बारा महिने) असं धरूनच रक्कम लिहा. नंतर मागितलं तर देणगीदार देत नाही, आधी लिहिलं तर बहुतेक वेळा कुरकुर न करता मंजूर करतो.

तांबडा_पांढरा : @लेबरवाला, आकडा काढला आणि पाणी प्यायले. @हिशेबनीस, ४.८१ ची ओळ उद्याच बजेटच्या शीटमध्ये घालते. पण हजेरीचं काय? ऑडिटला सही केलेला कागद लागतोच.

रानवाट : मी काही वर्षं अशाच संस्थेत फील्डवर होतो, पलीकडच्या जिल्ह्यात. हजेरीसाठी ॲप कशाला, तुमच्याकडे आधीच पुरावा आहे. कॅमेरा ट्रॅप लावताना तुमची माणसं काय करतात बघा. जागेवरची पानं-फांद्या साफ करतात, खोडाला पट्टा आवळतात, मग एक जण पाटीवर किंवा कागदावर स्टेशन नंबर आणि तारीख लिहून कॅमेऱ्यासमोर धरतो आणि दुसरा वाघासारखा चार पायांवर चालून सेन्सर पकडतो का ते बघतो. प्रत्येक फोटोवर तारीख आणि वेळ छापलेली असते. कार्ड बदलतानाही तेच. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी स्टेशन १७ वर पाटी धरून उभा असलेला माणूस गैरहजर कसा?

आम्ही हेच केलं होतं. डेटाशीटला एक रकाना वाढवला : कोण होतं. महिन्याच्या शेवटी ती शीट हजेरीपत्रकाला टाचायची. देणगीदाराची टाइमशीटही त्यातच निघते. आणि फोनचा जीपीएस रेंज नसतानाही चालतो, उपग्रहावर असतो तो. वनखात्याचं एम-स्ट्राइप्स नावाचं ॲप गस्तीचा माग असाच ऑफलाइन नोंदवतं, फाट्यावर आल्यावर अपलोड होतं. तुमच्या हेड ऑफिसच्या ॲपला ‘सिंक लेटर’ आहे का विचारा. बहुतेक असेल, चालू कुणी केलं नसेल.

तासांचा नाद सोडा. दहा दिवस वर, चार दिवस घरी असा गट लावा आणि नेमणूकपत्रात तसं लिहा. फक्त सलग महिनाभर वर ठेवू नका, माणूस चिडचिडा होतो आणि चुकीच्या जागी पाय टाकतो.

लेबरवाला : पाय टाकण्यावरून आठवलं. विमा आहे का? साप, गवा, घाटातली मोटारसायकल. ग्रुप अपघात विमा माणशी फार महाग पडत नाही, पण ‘सल्लागार’ असले की कंपनी नावं घेताना कटकट करते. हे आणखी एक कारण.

कातळफूल : मी फील्डवर काम केलेली बाई आहे, एक प्रश्न विचारते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती आहे का तुमच्याकडे? २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर हवीच, आणि कार्यालयं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, एक सदस्य बाहेरचा. हेड ऑफिसची समिती चंदगडच्या कॅम्पवरच्या मुलीच्या काय कामाची? आणि कॅम्पवर कडी लागणारा संडास आहे का, हे स्वतः जाऊन बघा. फोटो मागवू नका.

तांबडा_पांढरा : @कातळफूल, समिती फक्त हेड ऑफिसला आहे. इथं निम्म्या महिला भरायला ऑफिसातल्या आम्ही आणि दोन रिसर्चर मिळून जमेल, बाहेरच्या सदस्यासाठी ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. संडास बघायला पुढच्या आठवड्यात जाते.

विमा आहे, पण फक्त ‘स्टाफ’चा. म्हणजे मी एसीत बसून विमाधारक.

@रानवाट, पाटीचा फोटो हेड ऑफिसला पाठवला. चक्क आवडला. पण लगेच पुढचा प्रश्न : पावसाळ्यात कॅमेरे उतरवता तेव्हा हजेरी कशावर? आणि रजेच्या यादीचं कुणी बोललंच नाही.

हिशेबनीस : रजेचं सोपं आहे. शॉप ॲक्टमध्ये (राज्याचा दुकानं-आस्थापनांचा कायदा) वर्षाला आठ किरकोळ रजा आणि २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते, ४५ पर्यंत साठवता येते. त्या अर्जित रजा लावणीला आणि सुगीला जोडून घ्यायची मुभा द्या. सणांची यादी ऑफिसनिहाय करता येते. ख्रिसमस काढा, बेंदूर घाला, संख्या तीच ठेवा. हेड ऑफिसला फक्त संख्या दिसते.

रानवाट : पावसाळ्यात आमच्याकडे गावभेटी, रोपवाटिका आणि पीक नुकसानीच्या नोंदी असायच्या. चंदगड-आजऱ्याकडे तुम्हाला हत्तीचंही असणारच. गावभेटीची वेगळी वही करा : तारीख, गाव, कुणाच्या शेतात गेलो, काय खाल्लं जनावरानं, आणि शेवटी शेतकऱ्याची किंवा पोलीस पाटलाची सही. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि लिहायला शिसपेन्सिल द्या. बॉलपेन गगनबावड्याच्या पावसात दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही.

लेबरवाला : आणि नवी नेमणूकपत्रं मराठीत काढा. इंग्रजी प्रत हेड ऑफिसच्या फायलीला. देताना जुन्या सेवेची तारीख त्यातच लिहून घ्या, ‘या तारखेपासून सेवेत’ असं. नाहीतर सहा वर्षांची माणसं परत पहिल्या दिवसावर जातील.

तांबडा_पांढरा : ही शेवटची सूचना सोन्यासारखी. जुन्या तारखा काढायला माझ्याकडे पहिली पत्रं नाहीत, पण बँकेच्या पासबुकात पहिला पगार जमा झाल्याची नोंद असेल. सगळ्यांना पासबुकं घेऊन यायला सांगते.