दुबईला जाताना कांदा-लसूण मसाला चालतो का?

प्रश्न (सांगली): आई-बाबा पहिल्यांदाच दुबईला निघालेत. किलोभर कांदा-लसूण मसाला द्यायचाय. अडवतील का?

उत्तर: आधी त्यात खसखस आहे का बघा. यूएईत खसखशीवर बंदी आहे, चमचाभरही नको. आपल्याकडच्या मसाल्यात ती बहुतेक असतेच आणि कुटल्यावर निवडून काढता येत नाही. बिनखसखशीचा वेगळा कुटून घ्या. अनारसेही (बिचारे!) घरीच ठेवा.

उत्तर: औषधांचंही बघा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल (दोन्ही अफूसारखी वेदनाशामकं) असलेल्या गोळ्यांना तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने हवी.

उत्तर: तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा. व्होल्टेज आपल्यासारखंच, त्यामुळे साधा अडॅप्टर पुरतो.