चर्चा: सरपंच-सदस्यांचं प्रशिक्षण बंद करा, त्यातून गावाला नेता मिळत नाही

चावडीवरचा
गेली सहा वर्षं मी ग्रामपंचायतीच्या नव्या कारभाऱ्यांना शिकवायला जातो. मानधनावरचा प्रशिक्षक. त्यामुळे हे लिहिणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड आहे, पण आता राहवत नाही.

चित्र सगळीकडे एकच. पंचायत समितीचं सभागृह, दहाची वेळ, साडेअकराला नोंदणी. पिशवी, वही, पेन. दीपप्रज्वलन आणि साहेबांचं मनोगत होईस्तोवर साडेबारा वाजतात. मग आम्ही पडद्यावर पंचायतींना अधिकार देणारी ७३ वी घटनादुरुस्ती दाखवतो, त्यातले २९ विषय वाचून दाखवतो, की लगेच जेवण. जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. महिला सरपंचांच्या शेजारी त्यांचे यजमान बसलेले असतात, आणि प्रश्न विचारला की उत्तर यजमान देतात.

मागे एका तालुक्यात मी सुरुवातीलाच विचारलं, "तुमच्या ग्रामपंचायतीच्या खात्यात आज किती पैसे आहेत?" बेचाळीस जण बसले होते. तीन हात वर आले. त्यातले दोन ग्रामसेवकांचे.

निवडून आल्यावर तीन दिवस शिकवून नेता घडत नाही. तोवर माणूस पॅनेलचा झालेला असतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं काय केलं बघा. तिथे अभ्यास गट होता. लोक बसायचे, कायदा वाचायचे, बाहेरच्या जाणत्या माणसाला बोलवायचे, पण निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक, म्हणजे बांबू विकून बाहेर न्यायची परवानगी, केंद्रीय मंत्री गावात येऊन ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. तिथलं नेतृत्व करणाऱ्या देवाजी तोफांना कुणी सभागृहात बसवून नेता केलं नाही.

म्हणून माझं म्हणणं: हा खर्च थांबवा. तो पैसा निवडणुकीच्या आधी, गावातच, दहा-बारा जणांच्या अभ्यास गटावर लावा. पटतंय का?

माजी सदस्या
नाही पटत. दादा, तुम्ही स्टेजवरून सभागृह बघितलंत, मी खालच्या खुर्चीवरून बघितलंय.

२०१७ ला मी राखीव जागेवर निवडून आले. पहिले आठ-नऊ महिने माझं काम एकच, प्रोसिडिंगवर सही. शिपाई वही घेऊन घरी यायचा, मी पिठाचे हात पुसून सही करायची. मग प्रशिक्षणाचं पत्र आलं. त्या पत्रावर गोल शिक्का होता, "उपस्थिती बंधनकारक" असं लिहिलं होतं. तुमच्यासाठी तो कागद असेल, माझ्यासाठी ती घराबाहेर पडायची परवानगी होती. सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, सरकारी आहे, जावं लागेल. लग्नानंतर मी पहिल्यांदा, कुणाचं लग्न नाही की बारसं नाही, अशी तीन दिवस एकटी एसटीनं गेले-आले.

आता मला सांगा, तुमच्या अभ्यास गटाचं पत्र कोण देणार? गट बसणार रात्री आठला देवळात. त्या वेळी बायका कुठे असतात? आरक्षण जागेला आहे, अभ्यास गटाला नाही. दहा-बारा जणांत बाया किती आल्या असत्या ते मी आत्ताच सांगते.

आणि शिकले काय? २९ विषय नाही शिकले, ते खरं. पण एका मॅडमनी नमुना ५ उघडून दाखवला. रोकड वही. जमा इकडे, खर्च तिकडे, रोजची शिल्लक खाली. म्हटलं, हे तर आमच्या बचत गटाच्या वहीसारखंच आहे! पुढच्या मासिक सभेत मी ती वही मागितली. उत्तर आलं, "तुम्हाला काय करायचंय ताई?" मी म्हटलं, बघायचंय. तिसऱ्या महिन्यात मिळाली. पथदिव्यांचे बल्ब एकाच आठवड्यात दोनदा घेतलेले होते, आमच्या वस्तीवर मात्र अंधार. पुढं काय झालं ते लांबडं आहे, पण वस्तीवर चार दिवे लागले.

सभागृह वाईट होतं, कबूल. म्हणून सभागृहच बंद करा म्हणता?

खडूस
दोघांचंही चुकतंय. नेता शिकवून होत नाही. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते. तिथं मार खाल्ला, माणसं जोडली, मोठे झाले. सोसायटी, दूध संघ, झेडपी याच शाळा. आता त्या शाळांत मुलाशिवाय आणि पुतण्याशिवाय कुणाला प्रवेश नाही, हा खरा रोग. त्यावर पीपीटीचा लेप लावून काय होणार?

वॉर्डातला एक
आमचा मुंबईचा विषय जरा वेगळा, पण खडूस म्हणतात त्याला जोडून. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार होता. एवढ्या काळात नगरसेवकच नाही तर कसला नेता आणि कसलं प्रशिक्षण? गटार तुंबलं की आम्ही ॲपवर तक्रार टाकायचो आणि नंबर जपून ठेवायचो. एका पिढीला वॉर्डात कामाची सवयच लागली नाही. गावात निदान ग्रामसभा तरी आहे.

चावडीवरचा
@वॉर्डातला एक, ग्रामसभा आहे, पण कोरम बघा की. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जो कमी असेल तो. तेवढेही जमत नाहीत. मग तहकूब सभा, तिला कोरमच लागत नाही, आणि तिथं हवं ते मंजूर.

@माजी सदस्या, ताई, पत्राचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. खरं सांगतो. पण तुमच्या बॅचला किती जणी होत्या आणि नंतर वही मागितली किती जणींनी?

थ्रिसूरला जाऊन आलेला
प्रशिक्षण हवं की नको, यावर भांडताय तुम्ही. प्रश्न वेगळाच आहे. केरळनं १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली तेव्हा राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरवलं. आधी पैसा टाकला. मग एकदम सगळ्यांना शिकायची गरज पडली, कारण आराखडा आपणच करायचा होता. सदस्य, निवृत्त शिक्षक, इंजिनिअर, हजारोंनी शिकले. थ्रिसूरच्या किला या स्थानिक कारभाराच्या प्रशिक्षण संस्थेत आजही सदस्य शिकायला येतात ते घरी जाऊन काहीतरी ठरवायचं असतं म्हणून.

आपल्याकडे १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के बंधनमुक्त म्हणायचा, पण त्यातून पगार देता येत नव्हता, आणि कामं बहुतेकदा वरून सुचवलेली. ज्याच्या हातात ठरवायला काही नाही त्याला ठरवायला शिकवताय. पोहण्याचा क्लास, विहीर कोरडी.

माजी सदस्या
@थ्रिसूरला जाऊन आलेला, ४० टक्के म्हणजे कोरडी विहीर नव्हे हो. आमच्या गावाला तेवढ्यात अंगणवाडीचं छप्पर झालं असतं. झालं नाही, कारण ते मागायचं कसं हे कुणाला माहीत नव्हतं.

आणि @चावडीवरचा, आमच्या बॅचला चाळीसेक बायका होत्या. वही मागितलेल्या माझ्या ओळखीत दोघी. हसा हवं तर. पुढं पैसे ऑनलाइन झाले तेव्हा आमच्या सरपंचबाईंचं डिजिटल सहीचं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असायचं, पिनची चिठ्ठी त्यालाच चिकटवलेली. मीच एकदा बघितली. सरपंचबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ते लाल पेनड्राइव्हसारखं आहे तेच ना? म्हणजे लाखांचा खर्च त्यांच्या सहीनं होत होता आणि सही ड्रॉवरमध्ये. त्यांना प्रशिक्षण मिळालं नव्हतं असं नाही. त्यांच्या जागी दीर जाऊन आले होते.

बोरीचं झाड
मी वॉटर कपवाला, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेतला. २०१८ ला आमच्या गावातनं पाच जण शिकायला गेलो होतो. चार दिवस. समतल चर कसे काढायचे, पातळी मोजायचा हायड्रोमार्कर कसा धरायचा. आणि परत आलो की ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस श्रमदान. शिकलेलं दुसऱ्याच दिवशी हातात. आयुष्यात पहिल्यांदा दोन भावक्या एका चरात उतरल्या. म्हणून मी म्हणतो, प्रशिक्षण चालतं, फक्त त्याला लागून काम पाहिजे आणि कामाला तारीख पाहिजे.

आता कडू भाग. त्या पाचांतला एक आज सरपंच आहे. एक जण आजारी. तिघं पुण्याला चाकणमध्ये कामाला, त्यातला एक मी. स्पर्धा संपली आणि पाच वर्षांत चर गाळानं भरले. हिवरे बाजार टिकलं, कारण तिथले पोपटराव पवार १९८९ पासून जागचे हलले नाहीत आणि गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. गावात राहून पोट भरलं पाहिजे, मग नेतेगिरी. हे कुणीच बोलत नाही.

खडूस
बोरीभाऊंना पहिल्यांदाच सलाम.
@माजी सदस्या, ताई, एवढं सगळं शिकलात, मग २०२२ ला परत का नाही उभ्या राहिलात? "माजी" का?

माजी सदस्या
सोडत. वॉर्डाचं आरक्षण फिरलं, जागा सर्वसाधारण झाली. पॅनेलवाल्यांनी सांगितलं, ताई आता खुली आहे, पुरुष देऊ. बायकांना १९९३ पासून तेहतीस टक्के आणि २०११ पासून पन्नास टक्के, पण दर पाच वर्षांनी जागा सरकते. पहिलं वर्ष कळायला, दुसरं भांडायला, तिसरं जरा काम करायला, आणि मग चिठ्ठी. तुम्ही सगळे नेते घडवायचं बोलताय. घडलेले जातात कुठं ते पण मोजा ना.

चावडीवरचा
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मूळ मथळा बदलता येत नाही इथे, नाहीतर "बंद करा" काढलं असतं. पण तीन दिवसांचं तीन दिवसांपुरतं ठेवू नका एवढं तरी म्हणू द्या. सहा महिन्यांनी कुणीतरी गावात जाऊन विचारावं, वही मागितली का? मी जायला तयार आहे, मानधनाशिवाय.
तुमचं आता काय चाललंय?

माजी सदस्या
माझ्या जागेवर जो निवडून आला त्याची बायको परवा आली होती. म्हणे, ह्यांना सही करायला लावतात, काय आहे ते कळत नाही. नमुना ५ ची झेरॉक्स होती तिच्याकडे. भाकरी झाल्यावर दोघी बसलो. तिला आधी शिल्लक कुठे बघायची ते दाखवलं. उद्या नमुना ८, घरपट्टी आकारणीची वही, घेऊन येते म्हणाली.