जंतू नाही, रोग नाही, तरी पेशी ‘रोगप्रतिकारक’?

अनुवादक : २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत उंदरांच्या त्वचेतल्या नियामक टी-पेशी (दाह आवरणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून टाकल्या, तर काढलेले केस परत उगवेनात. यात रोग कुठे आहे? ‘इम्यून’साठी या पेशींना ‘रोगप्रतिकारक’ म्हणणं खटकतं.

शब्दवेल : ‘प्रतिरक्षा’ घ्या.

सूक्ष्मदर्शी : तो हिंदी पाठ्यपुस्तकांतला. लस टोचणाऱ्या सिस्टरपासून आजीपर्यंत सगळ्या ‘प्रतिकारशक्ती’च म्हणतात. नुसता ‘रोग’ गाळा.

वैद्यकी : शब्द कुठलाही घ्या, पण ‘दाह शमवून केस उगवतात’ असं लिहू नका. या टी-पेशींवर जॅग्ड-१ हे प्रथिन असतं. ते मूलपेशींच्या (स्टेम सेल, ज्यांतून नव्या पेशी तयार होतात) नॉच या संदेशमार्गाला चालना देतं. केस काढल्यावर पहिल्या तीन दिवसांत टी-पेशी नसल्या तरच वाढ अडते. नंतर काढल्या तर केस येतात.

शब्दवेल : ‘मूलपेशी’ की ‘मूळपेशी’?

सूक्ष्मदर्शी : केसाबाबत ‘मूळपेशी’ अजिबात नको. वाचक त्या केसाच्या मुळाशी शोधेल. वाढत्या केसाचं मूळ खोल असतं. मूलपेशी असतात वर, अंगावर काटा आणणारा स्नायू केशपुटकाला (केस जिथून उगवतो त्या त्वचेतल्या पिशवीला) चिकटतो तिथल्या फुगवट्यात. केस मुळासकट उपटला तरी त्या बहुतांशी मागे राहतात, म्हणून तो पुन्हा येतो.

शब्दवेल : मग ‘स्कंधपेशी’! खोडाशी इमान राखणारा शब्द.

सूक्ष्मदर्शी : आणि वाचणारा खांदा समजणार.

वैद्यकी : ‘पुनर्जनन’ही सरसकट वापरू नका. २०१३ मध्ये ॲक्सोलॉटल या तुटलेला पाय पुन्हा उगवणाऱ्या उभयचराच्या शरीरातल्या महाभक्षक पेशी (जंतू नि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या प्रतिकारक पेशी) नष्ट करून पाय कापला. जखम मिटली, पण पाय उगवला नाही, आत व्रण धरला. भरून येणं वेगळं, उगवणं वेगळं.

शब्दवेल : ‘व्रण धरला’ चूक. व्रण म्हणजे जखम. खुणेला आपला ‘वण’ आहे. सुश्रुताने व्रणाचे सात उपक्रम सांगितले, त्यात जखम भरून आणणारं ‘रोपण’ सहावं आणि रूप पूर्ववत करणारं ‘वैकृतापह’ सातवं, वेगळं मोजलंय.

सूक्ष्मदर्शी : आज ‘चेहऱ्यावर व्रण राहिला’ म्हटल्यावर कुणालाही खूणच दिसते. रूढार्थ तोच.

शब्दवेल : रूढ झाला म्हणून ‘वण’ मरू द्यायचा?

अनुवादक : टी-पेशींचं काय ठरलं?

वैद्यकी : वण म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवा. तिथे केशपुटकं नसतात, त्यामुळे केसही येत नाहीत. ‘खूण’ शब्दात हे येत नाही.